आज काही झालं नाही

साहेबांच्या गाडीत बसलं की गाडी लगेच सुरू होत नसे. आधी पट्टे लागत. पुढचे लागत, मागचे लागत. मग साहेब आरशातून प्रत्येकाच्या छातीवरचा पट्टा नजरेने तपासत आणि किल्ली फिरवायच्या आधी त्या दिवसाच्या सूचना देत. "आज धुकं आहे. पुढचा गाडीवाला आपला शत्रू नाही, पण तो शहाणा आहे असं समजायचंही कारण नाही. गप्पा मारा. मला हसवू नका." मागे दोघं केरळी ड्राफ्ट्समन बसत. त्यांच्यासाठी हेच सगळं पुन्हा हिंदीत होई. "मुझे हँसाना नहीं" हे वाक्यही ते इतक्या गांभीर्याने म्हणत, की हसू आम्हालाच दाबावं लागे.

साहेब आणि मी, आम्ही दोघंही तेव्हा फ्रान्समध्ये राहत होतो. म्हणजे दुबईच्या इंटरनॅशनल सिटीतल्या फ्रान्स नावाच्या वसाहतीत. "आम्ही फ्रान्सला असतो" असं सांगून मी नातेवाइकांत थोडे दिवस मिरवून घेतलं. मग एक मेहुणा प्रत्यक्ष येऊन बाल्कन्यांतले वाळत घातलेले कपडे बघून आणि संध्याकाळचा गटाराचा वास घेऊन गेला आणि माझं फ्रान्स संपलं. साहेब आमच्याच इमारतीत, एक मजला खाली. रोज सकाळी आम्ही एकत्र अल क्वोजला जायचो. तिथे आमच्या कंत्राटी कंपनीचं यार्ड होतं. ते कंपनीचे सेफ्टी मॅनेजर आणि मी परचेसमध्ये. म्हणजे दुनियेला हेल्मेट घालायला लावणारे ते आणि ते हेल्मेट विकत आणणारा मी.

ते माणसाला त्याच्या खात्याच्या नावाने हाक मारत. मी 'परचेस'. पगार करणारा 'अकाउंट्स'. हेल्मेटांचा नवा माल आला की त्यातलं एक डोक्यावर चढवून ते माझ्या टेबलासमोर येऊन उभे राहत आणि हातातला पाना माझ्यापुढे धरत.

"मारा."

"साहेब, सर्टिफिकेट आलंय बरोबर."

"सर्टिफिकेट कागदाचं आहे, परचेस. डोकं माझं आहे. मारा."

मी आपला देवळातली घंटा वाजवावी तसा हलकेच टोला द्यायचो. मग त्यांचा चेहरा पडायचा. "असं नाही. रागाने मारा. मी तुमच्या किती ऑर्डरी परत पाठवल्यात ते आठवा." सबंध ऑफिस हसायचं. तरीही माझा हात उठायचा नाही. मग ते पाना शेजारच्याला देत. शेजारचा अकाउंट्स होता आणि त्याला आठवायला फारसा वेळ लागत नसे.

दुसरी सवय माणसं मोजायची. चहाची सुट्टी झाली की मोजणी. यार्डात अलार्मचा सराव झाला की मोजणी. तर्जनी हवेत थोडी वाकडी धरून, ओठ हलवत, शिताफीने मोजत. आणि स्वतःला कधीच मोजत नसत. मी एकदा विचारलं, "साहेब, एक कमी नाही का भरत?" तर म्हणाले, "मोजणारा मोजायचा नसतो. तो सगळ्यात शेवटी बाहेर पडतो. तोपर्यंत त्याचा हिशेब कशाला?"

ही मोजणी महाराष्ट्र मंडळातही चाले. मंडळात त्यांना सगळे सेफ्टीकाका म्हणत. तोंडावर आदराने आणि पाठीमागे हसून. गणपतीत मखराशेजारी त्यांचा लाल अग्निशामक ठेवलेला असे. आरतीआधी, बाहेर पडायचे दरवाजे कुठे आहेत ते विमानातल्यासारखे दोन्ही हातांनी दाखवून होई. दर वर्षी विसर्जनाच्या आधी ते शिट्टी फुंकत आणि पैठणी नेसलेल्या बायका, झब्बेवाले पुरुष, मोदक खाणारी पोरं, सगळी निमूटपणे पार्किंगमध्ये, म्हणजे त्यांच्या असेंब्ली पॉइंटवर, रांगेत उभी राहत. एका वर्षी कुणीतरी त्या अग्निशामकाला हार घातला आणि बाहेरून आलेले लोक त्याच्याही पाया पडायला लागले. साहेबांनी हरकत घेतली नाही. म्हणाले, "निदान कुठे ठेवलाय ते तरी लक्षात राहील."

पण त्यांची खरी ओळख म्हणजे एक वाक्य. संध्याकाळी घराचं दार उघडलं की बूट काढायच्या आधी ते मोठ्यांदा सांगत, "आज काही झालं नाही." वहिनी आतून म्हणत, "बरं झालं." ऑफिसच्या रोजच्या रिपोर्टातही शेवटी हेच वाक्य इंग्रजीत असे. आम्ही चेष्टेने एकमेकांना विचारायचो, "काय रे, आज काय झालं?" आणि एका सुरात उत्तर द्यायचो. मी तर त्यांच्या आवाजाची नक्कल इतकी हुबेहूब करायचो, की पार्ट्यांत मला त्यासाठी आग्रहाने बोलवत.

त्यांना हे ठाऊक होतं. कंपनीच्या वार्षिक समारंभात एकदा स्टोअरमधली आग विझवणाऱ्या वॉचमनला स्टेजवर बोलावून बक्षीस दिलं. परत येताना गाडीत साहेब म्हणाले, "आग विझवली की टाळ्या पडतात. लागलीच नाही तर कुणाला कळणार, परचेस? माझ्या साइटवर कुणी पडला नाही, कुणी भाजला नाही. मी रिटायर होईन तेव्हा भाषणात सांगायला यांच्याकडे काहीही नसेल." आवाजात तक्रार नव्हती. उलट थोडा अभिमानच होता. मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

त्यांची मुलगी सई. या मुलीचं बालपण आम्ही डोळ्यांनी बघितलंय. बागेत घसरगुंडी दिसली की आधी साहेब स्वतः ऑफिसच्या पँटीवर घसरून खाली येत. मग वर बघून म्हणत, "क्लिअर." सायकल शिकताना तिच्या डोक्याला, कोपरांना, गुडघ्यांना एवढं काही बांधलेलं असे, की पडली तरी तिला कळत नसे. वाढदिवसाच्या केकवर मेणबत्ती नाही, टॉर्च. सई गाल फुगवून फुंकर मारायची आणि साहेब बटण दाबून टॉर्च बंद करायचे. सगळे टाळ्या वाजवायचे. संध्याकाळी दारातून ते वाक्य आलं की ती सोफ्यावरून कंटाळून विचारायची, "बाबा, व्हाय डझ नथिंग एव्हर हॅपन?" तिच्याशी मराठीत बोला, उत्तर इंग्रजीतच यायचं. इथली आपली सगळीच पोरं तशी.

ज्या घरात केकवर मेणबत्ती लागली नाही, त्या घरातल्या मुलीने थेट ज्वालामुखी धरला. कॉलेजात भूगर्भशास्त्र घेतलं तेव्हा कुणाला काही वाटलं नाही. दगडं गोळा करील, आपटून बघील, बापासारखीच, असं आम्ही म्हणालो. पण पदवी झाल्यावर तिने इटलीतल्या एका विद्यापीठात प्रवेश मिळवला. विषय ज्वालामुखी. काम एका बेटावरच्या जिवंत ज्वालामुखीच्या तोंडाशी जाऊन यंत्रं लावायची आणि तो कधी उसळेल याचा अंदाज घ्यायचा. साहेबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "नाही."

दुसऱ्या दिवशी आम्ही गाडीत बसलो, पट्टे लावले आणि गाडी सुरू झाली. सूचनांशिवाय. मागचे दोघं ड्राफ्ट्समन एकमेकांकडे बघायला लागले. मला तेव्हाच कळलं की घरात काहीतरी मोठं बिनसलंय.

संध्याकाळी वहिनी वर आल्या. म्हणाल्या, "तुम्ही तरी समजवा. दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. मीठसुद्धा माझ्याकडून मागवतात. ती म्हणते मी तरीही जाईन. आणि ती अशी गेली ना, तर परत फोन करायची नाही. बापावरच गेलीय."

समजवायची वेळ माझ्यावर आली नाही. सईनेच त्यांना त्यांच्या सापळ्यात पकडलं. साइट डोळ्यांनी बघितल्याशिवाय रिपोर्ट लिहायचा नाही, हा साहेबांचा पहिला नियम. न बघता सही करणारा सेफ्टीवाला म्हणजे नाडी न बघता औषध देणारा वैद्य, असं ते नव्या पोरांना शिकवत. सई जेवणाच्या टेबलावर म्हणाली, "बाबा, यू हॅव्हन्ट सीन द साइट." एक जिवंत ज्वालामुखी चढून बघा. माझ्याबरोबर. गाइड घेऊन, रीतसर. वर उभे राहून मला एक नीट कारण द्या. 'मला वाटतं' चालणार नाही, कारण हवं. दिलंत, तर मी जाणार नाही. खलास. "आय विल डू अॅन एमबीए."

साहेबांनी पाण्याचा ग्लास टेबलाच्या कडेपासून आत सरकवला. मग म्हणाले, "आणि कारण नाही सापडलं तर?"

"देन यू से येस. अँड यू कम टू द एअरपोर्ट."

"ठीक आहे," साहेब म्हणाले. इथे सगळे कुठल्याही गोष्टीला इन्शाल्ला म्हणून मोकळे होतात. ते तसं म्हणाले नाहीत. त्यांचं ठीक आहे म्हणजे शिक्का.

योगायोगाने त्या ईदच्या सुट्टीत मंडळाची बालीची सहल ठरत होती. आमचे अध्यक्ष मरीनात उंचावरच्या फ्लॅटमध्ये राहतात. केटरिंगचा धंदा आहे. समुद्र खिडकीतूनच दिसत असल्याने त्यांना डोंगराचं फार आकर्षण. त्यांनी ग्रुपवर जाहीर केलं, 'ज्वालामुखीवर सूर्योदय, मराठी झेंडा, अनुभवी गाइड, नाश्ता वरती.' खाली सगळ्यांनी अंगठे उठवले. ज्वालामुखी जिवंत आहे हे त्यात लिहिलं होतं, पण ते कुणी वाचलं नाही. लोक नाश्त्यापर्यंत पोचून थांबले होते.

साहेबांनी निघण्याआधी मंडळाच्या हॉलवर सूचनांची बैठक ठेवली. मी आणि माझी बायको गेलो, कारण आम्हाला त्यांच्याच गाडीने घरी यायचं होतं. बाकी कुणी नाही. तरी त्यांनी रिकाम्या खुर्च्यांना वाफ, विषारी वायू, घसरड आणि गडगडणारे दगड असं सगळं समजावून सांगितलं. वाऱ्याकडे तोंड ठेवा, खोलगट जागी थांबू नका, आणि काहीही झालं तरी पळायचं नाही. हे शेवटचं त्यांनी तीनदा सांगितलं. "माणूस धोक्याने मरत नाही, पळण्याने मरतो." सई मागे उभी राहून ऐकत होती. तिच्या चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं.

प्रत्येकासाठी हेल्मेट न्यायचा त्यांचा प्रस्ताव अध्यक्षांनी फेटाळला. "साहेब, फोटो आहेत. केसांचं काय?" अध्यक्षांना केस फारसे नव्हते. पण होते त्यांची त्यांनी बरीच काळजी घेतलेली होती. साहेबांनी तरीही एका बॅगेत मावतील तेवढी हेल्मेटं आणली. बालीच्या डेन्पसार विमानतळावर कस्टमवाल्याने बॅग उघडली आणि विचारलं, "कन्स्ट्रक्शन?" साहेब म्हणाले, "हॉलिडे." त्याने बॅग हळूच बंद केली.

डोंगराच्या पायथ्याशी आम्ही पोचलो तेव्हा अंधार होता. शेकडो माणसं, शेकडो टॉर्च. ज्वालामुखीवर सूर्य बघायला जगभरातून लोक आलेले. आमचा गाइड रबरी चपला घालून, लवंगेच्या वासाची सिगारेट ओढत आला. नाव वायान. साहेबांनी नियमाप्रमाणे गाइडांचीही मोजणी करायची म्हणून "वायान!" अशी हाक मारली, तर आसपासच्या घोळक्यांतून पाच-सहा जण पुढे आले. तिकडे घरातल्या थोरल्याचं नाव बहुधा हेच असतं म्हणे. साहेबांनी आपल्या वायानला बाजूला घेऊन त्याच्या अंगावर स्वतःच्या हाताने चमकणारं जाकीट चढवलं.

"असेंब्ली पॉइंट कहाँ... व्हेअर इज द असेंब्ली पॉइंट?"

"टॉप, सर."

"टॉप इज द हॅझर्ड."

"येस, सर. व्हेरी ब्यूटिफुल."

"लास्ट इरप्शन?"

वायानने धूर सोडून विचार केला. "बिफोर माय मॅरेज, सर."

"नेक्स्ट?"

"नॉट टुडे, सर. टुडे मेनी बुकिंग."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना एक कारण तळाशीच मिळालं होतं. पण साइट अजून बघायची होती, म्हणून त्यांनी काठी उचलली.

चढ सुरू झाला. साहेब पोलादी टोपणाच्या बुटांत, हेल्मेट घालून, प्रत्येक दगडावर आधी काठी, मग टाच, मग वजन असं करत चालले होते. वाट अरुंद. त्यामुळे त्यांच्या मागे सगळ्या देशांची माणसं अडकली. मागून कुणी हुंकार दिला की ते न वळता हाताचा पंजा वर करत आणि माणसं थांबत. का थांबत देव जाणे. त्या पंजात काहीतरी होतं. माझ्यामागे अध्यक्ष धापा टाकत म्हणत होते, "यल्ला साहेब, यल्ला, चला लवकर, सूर्य निघून जाईल."

सई पुढे होती. बापलेक बोलत नव्हते. पण ती प्रत्येक वळणावर थांबे आणि साहेबांचा टॉर्च दिसला की पुढे जाई. एका घसरड्या जागी साहेब खालून म्हणाले, "दोन हात, एक पाय." म्हणजे चारांपैकी तीन टेकलेले हवेत. वरून उत्तर आलं, "आय नो, बाबा." मी टॉर्च मारला तर ती खरंच तशीच चढत होती. वाटेत एकदा तिने मूठभर राख उचलून हवेत सोडली आणि ती कुठल्या बाजूला उडते ते बघितलं. मला वाटलं पोरखेळ आहे.

माथ्यावर पोचलो. तिथे बाकं, चहाची टपरी, माकडं आणि जागोजागी जमिनीतल्या भेगांतून येणारी वाफ. वायानने एका भेगेत अंडी आणि केळी ठेवून वर गवत घातलं. हाच तो वरचा नाश्ता. अध्यक्षांनी झेंडा काढला. पूर्वेला आभाळ तांबूस झालेलं, खाली तळं आणि ढग, सगळ्यांचे फोन तिकडे. साहेब एकटे उलट्या दिशेला, वाफेकडे तोंड करून उभे. मी म्हणालो, "साहेब, इकडे बघा की, सूर्य येतोय."

"तो रोज येतो, परचेस. त्याच्यावर लक्ष ठेवायची गरज नाही."

आणि तेवढ्यात पायाखालची जमीन थरथरली. फार नाही. दळणाच्या गिरणीच्या ओट्यावर उभं राहिल्यासारखं. पण भेगांतला फुसफुसाट एकदम वाढला, टपरीच्या पत्र्यावर खडे पडल्याचे आवाज आले आणि पलीकडच्या बाजूने वाफेचा मोठा लोट उठला. कुणी किंचाळलं. बहुतेकांनी फोन आणखी वर धरले. अध्यक्ष म्हणाले, "व्हिडिओ बंद करू नका." वायानने सर्वांत आधी अंडी वाचवली.

शिट्टी वाजली.

आणि मंडळ रांगेत उभं राहिलं. खोटं सांगत नाही. इतक्या वर्षांच्या गणपतीतल्या पार्किंगची सवय. हातात झेंडा, पायात नवे बूट, पाठ सूर्याकडे, तोंड साहेबांकडे, एकामागे एक. आमचं बघून एक जपानी जोडपंही येऊन रांगेत लागलं. अध्यक्षांनी साहेबांच्या बॅगेतलं हेल्मेट घेऊन डोक्यावर घातलं. साहेबांची तर्जनी हवेत चालू लागली, ओठ हलू लागले. शेवटी बोट थांबलं. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून मोजलं. जपानी वगळून मोजलं.

वहिनी म्हणाल्या, "अहो, सई."

मग मी जे बघितलं त्यावर यार्डातल्या कुणाचा विश्वास बसला नसता. साहेब पळाले. ज्यांनी जन्मभर हजारो माणसांना पळायचं नाही म्हणून बजावलं, ते काठी टाकून, त्या राखेतून, वाफेच्या लोटाकडे जिवाच्या आकांताने पळत सुटले. हेल्मेट पडलं, तेही उचललं नाही. मी त्यांच्या मागे धावलो. मला त्यांच्यासाठी भीती वाटली, आणि मोकळेपणाने कबूल करायला हरकत नाही, ती आयुष्यात पहिल्यांदाच वाटली.

टपरीच्या पलीकडे एक खोलगट जागा होती. तिथे परदेशी पाहुण्यांचा एक घोळका वाफ बघायला उतरलेला. सई कडेच्या एका उंच दगडावर दोन्ही हात पसरून उभी होती आणि ती माणसं तिच्यासमोरून एकेक करून वर, वाऱ्याच्या बाजूला चालली होती. नाकाला रुमाल लावून, शांतपणे. "वॉक. नोबडी रन्स. कीप द विंड ऑन युअर फेस." आवाज तिचा, पण सूर अल क्वोजचा. शेवटचा माणूस वर आल्यावर तिने मोजायला सुरुवात केली. तर्जनी तशीच थोडी वाकडी. ओठ तसेच हलणारे. तिच्याशी तोंडओळखही नसलेली ती माणसं हललीही नाहीत.

मोजता मोजता तिची नजर आमच्यावर आली.

"बाबा," ती म्हणाली. "डोन्ट रन."

साहेब जागच्या जागी थांबले. इन्स्पेक्टरने पकडावं तसे. छाती वरखाली होत होती, केसांत राख. सईने मोजणी पूर्ण केली, दगडावरून उतरली, दोन हात एक पाय करत, आणि जवळ येऊन तिने ती तर्जनी बापाच्या छातीवर टेकवली.

"अँड यू. यू ऑलवेज लीव्ह युअरसेल्फ आउट."

साहेबांनी तिचं ते बोट आपल्या मुठीत धरलं आणि थोडा वेळ तसंच धरून ठेवलं.

थरथर तोवर थांबलीही होती. वायान परत आला. "मॉर्निंग, मॉर्निंग, व्होल्केनो से गुड मॉर्निंग," म्हणत त्याने सगळ्यांना अंडी वाटली. सूर्य मागच्या मागे उगवून गेला होता आणि मंडळातल्या एकानेही तो बघितला नव्हता. अध्यक्षांच्या व्हिडिओत पाठ करून उभी असलेली रांग आणि तिच्या डोक्यांवरून वर येणारा लाल गोळा एवढंच आलं. त्यांनी पुन्हा एकदा सगळ्यांना पूर्वेकडे तोंड करून आश्चर्यचकित व्हायला लावलं. तो फोटो आता मंडळाच्या हॉलमध्ये लावलाय. अध्यक्षांच्या डोक्यावर हेल्मेट आहे आणि खाली लिहिलंय, 'सुरक्षा प्रथम'.

सई अंडं सोलत बाबांसमोर बसली. वहिनी शेजारी. "सो," ती म्हणाली, "वन प्रॉपर रीझन, बाबा."

कारणं काय कमी होती? गाइड, चपला, भेगा, खोलगट जागा, जमिनीचं थरथरणं. मी साहेबांच्या जागी असतो तर तिथेच एमबीएचा फॉर्म भरून घेतला असता. साहेबांनी अंडं खाल्लं. हात पुसले. वाफेकडे बघितलं, मग तिच्याकडे.

"साइट अनसेफ आहे," ते म्हणाले. "शंभर टक्के."

सईने मान खाली घातली. अंड्याचं टरफल तिच्या हातातच राहिलं.

"पण तू मला साइटचं कारण मागितलं नव्हतंस. तू जावंस की जाऊ नयेस, त्याचं मागितलं होतंस." ते थांबले. त्यांनी केसांतली राख झटकली. "आज इथे एक माणूस पळाला. तू नाही पळालीस. जा."

वहिनींनी डोळ्यांना पदर लावला. मी माकडांकडे बघितलं. सई बाबांच्या गळ्यात पडली, तर ते तिच्या पाठीवर थोपटत म्हणाले, "हेल्मेट इथून न्यायचं. तिकडचं कसं असतं माहीत नाही. परचेस, चांगल्या लॉटमधलं काढून ठेवा."

काढून ठेवलं. दुबईला परतल्यावर ते हेल्मेट डोक्यावर चढवून साहेब माझ्या टेबलासमोर उभे राहिले आणि पाना पुढे केला. "मारा." त्या दिवशी मी पहिल्यांदा जीव तोडून मारला. साहेब दोन पावलं मागे गेले, टेबल धरून सावरले आणि म्हणाले, "पास."

ते एअरपोर्टला गेले. सईला सोडून आले. संध्याकाळी दार उघडून ते अजूनही आपलं वाक्य म्हणतात. वहिनी अजूनही "बरं झालं" म्हणतात. सोफ्यावरून कंटाळून विचारणारं मात्र कुणी नसतं, आणि ते बूट काढायला पूर्वीपेक्षा जास्त वेळ लावतात, असं वहिनी सांगत होत्या.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. सकाळी बातमी आली की सई ज्या बेटावर असते तिथल्या ज्वालामुखीने राख ओकायला सुरुवात केलीय आणि विमानं बंद आहेत. मी खाली आलो तेव्हा साहेब गाडीत बसलेलेच होते. पट्टे लागले. सूचना झाल्या. आधी मराठीत, मग हिंदीत, एकही न गाळता. पण किल्ली फिरली नाही. ते मांडीवर फोन ठेवून समोरच्या भिंतीकडे बघत बसले. गाडीत फोन हातात धरणाऱ्याला त्यांनी एरवी उतरवून दिलं असतं. ऑफिसला उशीर होत होता आणि कुणी घड्याळाकडे बघितलं नाही.

बऱ्याच वेळाने साहेब म्हणाले, "परचेस, काही झालं नसेल ना?"

"नाही साहेब," मी म्हणालो. "तिचं लक्ष असणार."

फोन वाजला. त्यांनी बघितला, चष्मा कपाळावर असूनही बघितला, आणि माझ्याकडे दिला. "वाचा." जन्मभर इंग्रजीत उत्तर देणाऱ्या त्या मुलीने मराठी अक्षरं शोधून शोधून टाइप केलं होतं. 'बाबा, आज काही झालं नाही.'

मी वाचून दाखवलं. हे वाक्य मी असंख्य पार्ट्यांत म्हणून दाखवलंय. त्या दिवशी ते माझ्याच आवाजात म्हटलं.

मागून एका ड्राफ्ट्समनने हळूच विचारलं, "सर, सब ठीक?"

साहेबांनी आरशात बघितलं. आणि नेहमीप्रमाणे आधी मराठीत झालेलं हिंदीत सांगितलं, "आज कुछ नहीं हुआ." मग तर्जनी थोडी वाकडी करून त्यांनी आम्हाला मोजलं. मागचे दोघं, मी. बोट क्षणभर हवेतच राहिलं. मग ते वळवून त्यांनी स्वतःच्या पट्ट्यावर टेकवलं आणि किल्ली फिरवली.